बिननावाची जुनी हलकी सायकल फ्रेम कोणी बनवली, हे कसं शोधायचं

१९३० ते १९८० या काळात ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीत हाताने झाळून बनवलेल्या हलक्या फ्रेम आज बऱ्याचदा नाव पुसलेल्या मिळतात. दोनतीनदा रंग चढलेला असतो, पुढचा बिल्ला गेलेला असतो, स्टिकर असलंच तर ते भलत्याच कंपनीचं असतं. नवखा माणूस आधी लगची (नळ्यांचा सांधा धरणाऱ्या धातूच्या म्यानाची) नक्षी बघतो, तसंच चित्र कुठेतरी शोधतो आणि नाव ठरवून मोकळा होतो. हा क्रम उलटा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. फ्रेममध्ये दोन प्रकारचे पुरावे असतात. नळ्या, लग, ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस जिथे बसतो ती खाचेची पट्टी), बॉटमची नळी (पेडलचा आस जिच्यात फिरतो ती) हे भाग बहुतेक कारागीर बाहेरून विकत घेत. त्यांच्यावरून देश आणि काळ कळतो, कारागीर नाही. लग कुठे आणि किती कानसले, मागच्या बारीक नळ्यांची टोकं कशी बंद केली, आकडे कुठे आणि कसे ठोकले, ही हातची कामं कारागिराची ओळख देतात. म्हणून आधी विकत घेतलेल्या भागांवरून चाळणी लावायची आणि हातच्या कामाकडे नंतर वळायचं.

लागणारी हत्यारं

०.०५ मिमीपर्यंत मोजणारं व्हर्नियर कॅलिपर, स्टीलची पट्टी, आटे मोजायची पाती (इंची आणि मेट्रिक दोन्ही), टॉर्च, पातळ कागद, मऊ पेन्सिल, पितळी तारेचा ब्रश आणि आटे सोडवणारं तेल. बॉटमचे कप (पेडलच्या आसाचे छर्रे धरणाऱ्या, आटे पाडलेल्या वाट्या) काढायला योग्य मापाचा पाना हवा. तो नसेल तर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे जा. छिन्नी-हातोडीने कप काढला की कपाच्या खाचा जातात, कधी आटेही जातात, आणि आटे हाच तर मोठा पुरावा आहे.

रंग काढायची घाई करू नका. जुन्या थरांत मूळ रंग, नावाच्या अक्षरांच्या कडा, कधी सोनेरी रेघाही दडलेल्या असतात. सँडब्लास्टिंग तर अजिबात नको. त्याने हलके ठोकलेले आकडे बोथट होतात.

आधी ही खरंच हलकी फ्रेम आहे का?

पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फ्रेम रोडस्टर असतात: हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला बनलेली हर्क्युलिस. लग त्यांनाही असतात, त्यामुळे फसायला होतं. रोडस्टरची चाकं २८ × १½ इंचांची, ब्रेक सळईचे, पुढची नळी बरीच कललेली आणि वजन भरपूर. हलक्या फ्रेमची पुढची नळी जमिनीशी साधारण ७१ ते ७४ अंशांचा कोन करते. ब्रेक केबलचे असल्यामुळे चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) माथ्यावर आणि मागच्या पुलावर ब्रेकच्या बोल्टचं भोक असतं. मध्यम मापाची चांगली फ्रेम चिमट्याशिवाय सुमारे २ ते २.३ किलो भरते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना गावच्या जुन्या सामानाच्या बाजारातसुद्धा अशी फ्रेम सापडू शकते.

नळ्यांचा व्यास: देश ठरवणारी पहिली चाळणी

ब्रिटिश आणि इटालियन फ्रेमची वरची नळी २५.४ मिमी, सीटची आणि खालची तिरकी नळी २८.६ मिमी. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये वरची नळी २६ मिमी आणि बाकीच्या दोन २८ मिमी.

इथे रंग गोंधळ घालतो. २८ मिमीच्या नळीवर पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर कॅलिपर २८.४ किंवा २८.५ दाखवतं आणि फ्रेंच फ्रेम ब्रिटिश वाटू लागते. त्यावर उपाय सोपा आहे. सीटची नळी आणि वरची नळी दोन्ही मोजा आणि वजाबाकी करा. दोन्हींवर रंगाचा थर सारखाच असतो, त्यामुळे फरकात तो राहत नाही. फरक ३.२ मिमीच्या आसपास आला तर नळ्या इंची, २ मिमीच्या आसपास आला तर फ्रेंच मेट्रिक. प्रत्येक नळी मध्यावर आणि दोन दिशांनी मोजा. पोचा आलेल्या किंवा पंपाच्या क्लिपने दाबलेल्या जागी माप घेऊ नका.

सीटपोस्टचं माप: नळीचा दर्जा

सीटपोस्ट काढा आणि तिच्यावर ठोकलेलं माप वाचा, पण त्यावर विसंबू नका. आधीच्या मालकाने बारीक पोस्ट घालून बोल्ट आवळलेला असू शकतो. अशा वेळी सीट लगचे कान आत वाकलेले आणि खाच वर चिमटलेली दिसते. नळीचा आतला व्यास तोंडापाशी न घेता ३०-४० मिमी खाली, दोन दिशांनी घ्या.

इंची नळ्यांच्या फ्रेमला २७.२ मिमीची पोस्ट बसत असेल तर नळीची भिंत पातळ आहे. ब्रिटनच्या रेनॉल्ड्स ५३१ ची डबल बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळी किंवा इटलीची कोलंबस एसएल असण्याची शक्यता मोठी. २७.० बसत असेल तर कोलंबस एसपीसारखी थोडी जाड नळी. २६.८ किंवा त्याहून बारीक पोस्ट म्हणजे बहुधा साधी, एकसारख्या जाडीची नळी. फ्रेंच मापाच्या ५३१ ला २६.४ मिमीची पोस्ट लागते. म्हणून २६.४ दिसताच फ्रेम हलक्या दर्जाची ठरवू नका, आधी नळीचा बाहेरचा व्यास बघा.

रेनॉल्ड्स ५३१ बाजारात आली १९३५ मध्ये. त्यानंतर पन्नास वर्षं ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक नावाजलेल्या कारागिराने ती वापरली. त्यामुळे ५३१ चं स्टिकर खरं निघालं, तरी कारागिराच्या नावापर्यंत तुम्ही फारसे सरकलेले नसता.

बॉटमचे आटे: सगळ्यात भरवशाचा पुरावा

रंग बदलतो, चिमटा बदलतो, ड्रॉपआउटसुद्धा बदलून घेतात. बॉटमच्या नळीचे आटे मात्र क्वचितच बदलतात.

आधी नळीची रुंदी मोजा. ६८ मिमी असेल तर ब्रिटिश, फ्रेंच किंवा स्विस. ७० असेल तर इटालियन. ७१ किंवा ७६ निघाली तर रॅलेच्या स्वतःच्या मापाची शंका घ्या. रॅले आपल्या कारखान्यात इंचाला २६ आटे पाडत असे, बाकी ब्रिटन २४.

कप काढताना डावा कप आधी काढा. चारही पद्धतींत तो साध्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. तो हातात आला की बाहेरचा व्यास आणि आटे मोजा:

- व्यास ३४.८ मिमी आणि इंचाला २४ आटे: ब्रिटिश. उजवा कप उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने सुटेल.
- व्यास ३६ मिमी आणि इंचाला २४ आटे: इटालियन. उजवा कपही साध्या आट्यांचा.
- व्यास ३५ मिमी आणि दर मिलिमीटरला एक आटा: फ्रेंच किंवा स्विस. डाव्या कपावरून या दोन्हींत फरक करता येत नाही. फ्रेंच उजवा कप साध्या आट्यांचा, स्विस उलट्या आट्यांचा.

३४.८ आणि ३५ यांत फक्त ०.२ मिमीचा फरक आहे. झिजलेल्या कपावर तो हरवतो, म्हणून निकाल व्यासावर न लावता आट्यांवर लावा. १० मिमी लांबीत फ्रेंच कपाचे दहा आटे भरतात, ब्रिटिशाचे साधारण साडेनऊ. पाती कपावर धरून मागून टॉर्च मारा. फट दिसली तर पाती चुकीची. इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीच्या कपांवर माप कोरलेलंच असतं, ब्रिटिशावर १.३७० × २४ आणि इटालियनवर ३६ × २४. एक अपवाद लक्षात ठेवा: ब्रिटिश आटे खराब झाल्यावर नळी मोठी करून इटालियन आटे पाडून घेतात. त्यामुळे कप इटालियन असून नळीची रुंदी ६८ किंवा त्याहून कमी असेल, तर ती दुरुस्ती समजा.

कप निघालेच आहेत तर टॉर्च घेऊन नळीच्या आत बघा. सीटची आणि तिरकी नळी जिथे आत येते तिथे आतल्या भिंतीवर पिळाच्या उठावदार कडा दिसल्या, तर ती बहुधा कोलंबस एसएलएक्स. नळीची तोंडं नीट गोलाईत कापलेली आहेत का, पितळ सगळीकडून सारखं आत आलंय का, हेही बघून ठेवा. कारखान्याचं आणि कारागिराचं काम आतून बऱ्याचदा वेगळं दिसतं.

चिमटा बाहेर काढा

हँडलचा स्टेम काढून त्याचाही व्यास बघा. इंची पद्धतीत २२.२ मिमी, फ्रेंचमध्ये २२.०. हेडसेट (चिमटा ज्यावर फिरतो ती बेअरिंग) सोडताना खाली कापड अंथरा, कारण जुन्या हेडसेटमध्ये छर्रे सुटे असतात. ते किती होते ते लिहून ठेवा.

चिमट्याच्या उभ्या नळीवर बऱ्याचदा फ्रेमचाच आकडा ठोकलेला असतो, कधी त्याचे शेवटचे तीन-चार अंक. बॉटमखालच्या आकड्याशी तो जुळला तर चिमटा मूळचा. नसेल जुळत, तर चिमट्यावरून काढलेले सगळे निष्कर्ष बाजूला ठेवा. नळीवर छोटं कबुतर कोरलेलं असेल किंवा आतून तळाशी पिळाच्या पाच कडा असतील तर चिमटा कोलंबसचा आहे.

काळ ठरवायचा तो मागच्या टोकावरून

ड्रॉपआउटवर बनवणाऱ्याचं नाव असतं. रंगाने भरलेलं असेल तर टाचणीने हलकेच मोकळं करा. कॅम्पान्योलो जगभर विकले गेले, त्यामुळे त्यांच्यावरून देश ठरत नाही. सिम्प्लेक्स आणि ह्यूरे दिसले तर फ्रान्सकडे वजन टाका. चेटर-ली दिसलं तर ब्रिटनकडे.

दोन ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मोजा. ११० ते ११४ मिमी म्हणजे एक गिअर, हबमधला गिअर किंवा तीन-चार दात्यांची (म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांची) जुनी रचना. १२० म्हणजे पाच दाते. १२६ म्हणजे सहा किंवा सात, साधारण १९७० च्या दशकाच्या शेवटापासून. १३० निघालं तर एक तर फ्रेम अलीकडची आहे, नाही तर मूळची १२० किंवा १२६ ची ओढून रुंद केली आहे. ओढलेल्या फ्रेममध्ये दोन ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत. पट्टी लावली की कळतं.

फ्रेमवर झाळून बसवलेल्या बारक्या गोष्टीही बोलतात. साखळीच्या डाव्या-उजव्या आडव्या नळ्यांपैकी उजवीच्या खालच्या अंगाला सायक्लो गिअरचा उंचवटा असेल किंवा बॉटमच्या जवळ ऑसगिअरच्या हाताची बैठक असेल (दोन्ही गिअर बदलायच्या जुन्या यंत्रणा), तर फ्रेम १९३० ते १९५० च्या सुमाराची. चिमट्याच्या उजव्या पायावर दिव्यासाठी आटे पाडलेला गोळा ही जुनी ब्रिटिश खूण. बॉटमवर तेल घालायचं झाकण असेल तर तेही जुनं. पाण्याच्या बाटलीसाठी भोकं आणि बॉटमखालून जाणारी केबल या गोष्टी १९७० च्या शेवटी-शेवटी आणि त्यानंतर सर्रास झाल्या. पण रंगाला दिलेल्या फ्रेमवर मालक नवी भोकं पाडून घेत, म्हणून जुन्या फ्रेमवरचं नवं सामान फारसं मनावर घेऊ नका. उलट दिशेने मात्र पुरावा पक्का असतो. ऑसगिअरची बैठक कुणी १९८५ मध्ये हौसेने झाळून घेत नाही.

ब्रेकच्या भोकापासून चाकाच्या कडेपर्यंतचं अंतरही मोजा. २७ इंची चाकाचा बैठकीचा व्यास ६३० मिमी, ७०० सीचा ६२२. म्हणजे ब्रेक चार मिलिमीटर वर-खाली. फ्रेम मूळची कोणत्या चाकासाठी होती, ते यावरून ठरतं.

लग: बघा, पण भुलू नका

नेर्वेक्स प्रोफेशनल हे फ्रान्समध्ये बनलेले वळणदार नक्षीचे लग. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या पीएक्स-१० या सायकलवर तेच, शिकागोच्या श्विन पॅरामाउंटवर तेच, आणि ब्रिटनमधल्या असंख्य छोट्या दुकानांच्या फ्रेमवरही तेच. प्रुन्या आणि बोकामा या कंपन्यांच्या लगचंही तसंच. लगचा प्रकार ओळखता आला तर उत्तम, पण तिथे थांबायचं नाही.

बघायचं ते पुढे: लगच्या कडा किती पातळ केल्यात, टोकं भाल्यासारखी लांबवलीत का, मूळ नक्षीत नसलेलं भोक पाडलंय का. इटलीत कोलनागोचं तिपानी फूल आणि दे रोझाचा बदाम लगमध्ये किंवा बॉटमच्या नळीत कापलेला सापडतो. लगच नसेल तर तोही पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर ब्रिटनमध्ये लगची टंचाई होती, तेव्हा कित्येकांनी पितळाने थेट सांधलेल्या फ्रेम बनवल्या. ब्रिटनच्याच क्लॉड बटलरने नळीवर नक्षीदार पत्रा गुंडाळून सांधा झाळायची पद्धत वापरली. ती दिसायला लगसारखी असते, पण जवळून पाहिलं तर पत्र्याची कड सांध्याच्या गोलाईत मिसळलेली दिसते.

सीट लगजवळची मागच्या नळ्यांची टोकं हा कारागिराच्या सहीच्या सगळ्यात जवळ जाणारा भाग. काही टोकं लगला पूर्ण वेढा घालून एकमेकांना भेटतात, काही अर्ध्यावर थांबतात, काहींवर लांबट तिरकी टोपी बसवलेली असते, आणि ती टोपी कधी सपाट, कधी पन्हाळीसारखी खोलगट. टोपीची लांबी मोजा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ड्रॉपआउटला नळी जिथे भेटते तिथला शेवटही असाच बघा, गोल भरलेला की कापून खाच ठेवलेला. मागच्या ब्रेकच्या पुलाला आधाराची चकती आहे का? छोट्या कारागिरांच्या हाताच्या सवयी वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

काही फ्रेम मात्र पाहताक्षणी ओळखू येतात. हेचिन्सच्या मागच्या वळणदार नळ्या, बेट्सचा दुहेरी वळणाचा डायड्रंट चिमटा आणि मध्यावर फुगीर होणाऱ्या नळ्या, ब्रॅडफर्डच्या बेन्सची उभ्या सीट-नळीची ‘फ्लाइंग गेट’, सॅक्सनची दुहेरी सीट-नळी. इथेही सावध राहा. फ्लाइंग गेटची रचना नंतर टीजे सायकल्सने पुन्हा बनवायला घेतली. म्हणजे आकारावरून रचना ठरते, कारागीर आकड्यावरून ठरवावा लागतो.

आकडा वाचणे

बघायच्या जागा: बॉटमच्या खाली, मागचे दोन्ही ड्रॉपआउट, सीट लगची बाजू किंवा मागचं अंग, चिमट्याची नळी. फ्रेम उलटी करून अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवी धरा. रंगाखालचे आकडे सावलीने उठून दिसतात. मग कागद ठेवून पेन्सिल घासा. तरीही वाचता आलं नाही, तरच बॉटमच्या खाली तेवढ्याच जागी रंग उतरवायचं रसायन लावा, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. नंतर प्लास्टिकच्या पट्टीने आणि पितळी ब्रशने साफ करा.

आकडा जसा आहे तसाच लिहा: अक्षरं, मोकळ्या जागा, तिरपे ठोकलेले अंक, कोणत्या बाजूने वाचला, सगळं. ६ आणि ९, १ आणि ७ यांत शंका असेल तर दोन्ही लिहा. २२½ किंवा ५६ असा सुटा आकडा फ्रेमचं माप असू शकतो. अक्षरं-अंक-अंक-अक्षरं अशी रचना आणि जवळच घरक्रमांकासारखा आकडा दिसला, तर तो चोरी झाल्यास ओळख पटावी म्हणून ब्रिटनमध्ये ठोकून घेतलेला पोस्टकोड. कारागिराशी त्याचा संबंध नाही, पण सायकल कुठल्या भागात होती ते कळतं.

मोठ्या कंपन्यांची पद्धत लावता येते. रॅलेच्या १९७० च्या दशकातल्या आकड्यात पहिलं अक्षर कारखान्याचं (नॉटिंगहॅमसाठी एन, वर्कसॉपसाठी डब्ल्यू), दुसरं उत्पादनाच्या काळाचं आणि पुढचा अंक वर्षाचा शेवटचा आकडा. एसबीने सुरू होणारा आकडा इल्केस्टनच्या खास विभागाचा, आणि ती फ्रेम मौल्यवान आहे. बऱ्याच प्यूजोंना बॉटमखाली आकड्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने बसवलेली असे. पट्टी गेली तरी दोन बारीक भोकं राहतात.

पुढच्या नळीवर बिल्ल्याची भोकं असतील तर त्यांचं एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंतचं अंतर आणि ती उभी आहेत की आडवी, हे नोंदवा. एखाद्या नावाला बाद करायला एवढंही पुरतं.

एक हिशोब करून बघू

समजा निळ्या पावडर कोटिंगची फ्रेम आहे आणि तिच्यावर ब्रिटिश कंपनीचं नवंकोरं स्टिकर. वरची नळी २६.४, सीटची २८.४, फरक २.० मिमी. पोस्ट २६.४. डावा कप ३५ मिमी, १ मिमीचे आटे, उजवा कपही साध्या आट्यांचा. ड्रॉपआउट सिम्प्लेक्स, मागचं अंतर १२० मिमी, लग नेर्वेक्स प्रोफेशनल. स्टिकर खोटं. फ्रेम फ्रान्सची, पाच दात्यांच्या काळातली, बहुधा ५३१ नळीची. पीएक्स-१० हे नाव इथे पहिलं सुचावं, पण एवढ्यावर ते लिहून टाकू नये. इतर फ्रेंच कारागीरही हेच साहित्य घेत. बॉटमखालची दोन भोकं, आकड्याची जागा आणि सीट लगजवळची टोकं खात्रीच्या पीएक्स-१० शी ताडून पाहिल्यावरच निर्णय करा.

दुकान की कारागीर?

ब्रिटनमध्ये कित्येक सायकल दुकानं स्वतःच्या नावाने फ्रेम विकत, पण बनवून घेत दुसऱ्याकडून. नावंही हात बदलत. क्लॉड बटलरची कंपनी १९५६ मध्ये बुडाली आणि नाव होल्ड्सवर्थकडे गेलं. कार्लटन १९६० मध्ये रॅलेकडे गेली आणि नंतर वर्कसॉपला रॅलेच्या नावाच्या शर्यतीच्या फ्रेमही बनल्या. त्यामुळे ‘कोणाची फ्रेम’ या प्रश्नाला विकणारा आणि झाळणारा अशी दोन वेगळी उत्तरं असू शकतात. दोन्ही वेगळी लिहा.

जाणकारांना विचारताना

ब्रिटनच्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका नावाचा अभ्यास करणारी माणसं आहेत. वॉरिक विद्यापीठातल्या नॅशनल सायकल आर्काइव्हमध्ये जुनी कागदपत्रं जपलेली आहेत. विचारताना “ही कोणती फ्रेम?” एवढंच आणि एक धूसर फोटो पाठवू नका. आकडा आणि त्याची जागा, नळ्यांचे तीन व्यास, पोस्टचं माप, बॉटमची रुंदी आणि आटे, ड्रॉपआउटचं नाव आणि अंतर, बिल्ल्याच्या भोकांचं अंतर हे लिहा. फोटो असे: उजवीकडून पूर्ण फ्रेम, पुढचे दोन लग, सीट लग मागून आणि बाजूने, चिमट्याचा माथा, दोन्ही ड्रॉपआउट, बॉटम खालून. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा. तुमचा अंदाज शेवटी लिहा. पहिल्याच ओळीत नाव सुचवलं की वाचणाऱ्याची नजरही तिकडेच वळते.

उत्तर आलं की त्यातला पुरावा कशाचा आहे ते बघा. आकडा कारागिराच्या नोंदवहीत सापडला, तर नाव पक्कं. आकड्याची पद्धत आणि हातचं काम दोन्ही जुळलं, तर “बहुधा”. नुसतं लग आणि ड्रॉपआउट जुळलं, तर देश आणि दशक एवढंच लिहा आणि रंगाऱ्याकडे फ्रेम देताना कुणाच्याही नावाचं स्टिकर लावून घेऊ नका.